टिटवीचं पुढे काय झालं

सुट्टीच्या दिवशी सकाळी लेकीचा फोन येतो. तो आधी ही घेते. मग ते बोलणं स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून पुन्हा स्वयंपाकघरात असं हिंडत राहतं, आणि बोलण्यासारखं सगळं बोलून झालं की "थांब, बाबांना देते" म्हणून फोन माझ्याकडे येतो. माझ्या हातात येईपर्यंत तो चांगला गरम झालेला असतो. मी तो कानापासून जरा लांब धरतो आणि विचारतो, "काय म्हणतेस?" ती म्हणते, "काही नाही. तुम्ही?" मी म्हणतो, "ठीक. जेवण वगैरे?" ती म्हणते, "हो. तुमचं?" मी म्हणतो, "झालं." भल्या सकाळी माझं जेवण कसं झालं हे ती विचारत नाही, आणि मीही खुलासा करत नाही. मग आम्ही दोघं थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकतो आणि फोन ठेवतो.

पोरगी लांबच्या शहरात नोकरीला गेल्यापासून हे असं चाललं होतं. घरात होती तेव्हा आम्ही फार बोलत होतो अशातला भाग नाही. पण तेव्हा एका सोफ्यावर बसून न बोलता येत होतं. फोनवर न बोलणं फार अवघड असतं. माझी जी काय तक्रार होती ती एवढीच होती, आणि ती नोंदवण्याची खिडकी कुठे असते ते मला माहीत नव्हतं.

अशाच एका गरम फोनवर, श्वास ऐकून झाल्यावर, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एक गोष्ट खेळाल का?"

गोष्ट ऐकतात, वाचतात, ऑफिसला उशीर झाला की रचतात. खेळतात हे मला नवीन होतं. तिने समजावून सांगितलं. मोबाइलवर गोष्ट येते. थोडी पुढे गेली की थांबते आणि आपल्यालाच विचारते, आता काय करायचं? खाली दोन-तीन पर्याय असतात. आपण जो निवडू तशी गोष्ट वळते. या गोष्टीत टिटवी नावाची मुलगी असते. ती दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करते आणि अंधार पडला की तोंडाला मुखवटा बांधून छपरांवरून उड्या मारत गुंडांचा समाचार घेते. तिची शक्ती म्हणजे ती किंचाळली की काचा फुटतात. अशा मुलीला लेखकाने नेमक्या चष्म्याच्या दुकानात नोकरी का दिली, असं मी विचारलं. लेक म्हणाली, "तुम्ही खेळा तरी. मग आपण बोलू."

'मग आपण बोलू' हे शब्द ऐकले आणि मी ॲप उतरवून घ्यायला बसलो.

पहिल्याच पानावर अडलं. जन्मवर्ष विचारतात, त्यासाठी एक चाक असतं, ते अंगठ्याने फिरवायचं. मी वजनं-मापं तपासण्याच्या खात्यात आहे. उभा जन्म तराजूच्या काट्याला हळुवार हात लावण्यात गेला, त्यामुळे माझा अंगठा काही जोर करीना. चाक माझ्या जन्माच्या बरंच अलीकडे थांबलं, आणि ॲपच्या दरबारी मी प्राथमिक शाळेतला विद्यार्थी म्हणून दाखल झालो. 'पुढे जाण्यासाठी पालकांची परवानगी घ्या' असा हुकूम आला. चूक सुधारण्याची सोय होती, पण त्या सुधारणेलाही पालकांचीच परवानगी लागत होती. माझे आईवडील आता या जगात नाहीत, हे कळवायला कुठे जागाच ठेवलेली नव्हती. सरकारी खात्यात राहून मी स्वतः अनेक दुकानदारांना असंच गोल फिरवलं आहे, तेव्हा त्या यंत्रणेबद्दल मला आतून थोडा आदरही वाटला. शेवटी लेकीनेच माझी पालक म्हणून नाव नोंदवलं आणि मला परवानगी दिली. त्यातून एक झालं, दिवेलागणीनंतर ॲप माझ्यापुरतं बंद होऊ लागलं. 'छोट्या मित्रा, आता आराम कर' असं म्हणायचं. ही त्या वेळी भाजी निवडत शेजारी बसलेली असायची. काही बोलायची नाही, पण तिचे खांदे हलायचे.

तर खेळ सुरू झाला. शहरातले दिवे चोरणारा अंधारशेठ नावाचा खलनायक पुलावरचे दिवे घालवतो आहे. टिटवी छपरावर उभी. काय करायचं? पर्याय तीन: झेप घे, दुकानात परत जा, पोलिसांना कळव. आता सांगा, जबाबदार माणूस यातला कुठला निवडेल? मी पोलिसांना कळवलं. फोन लागला नाही. मी समक्ष जायचं निवडलं. तिथे रांग होती. मी रांगेत उभं राहायचं निवडलं. आख्खं पहिलं प्रकरण टिटवी मुखवटा लावून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होती, आणि तोवर अंधारशेठने निम्मं शहर काळं केलं. प्रकरणाच्या शेवटी ॲप तुमचा स्वभाव सांगतं. माझ्या नावापुढे मोठ्या अक्षरांत आलं: 'बघ्या'.

मला ते फार लागलं. ज्याच्या शिक्क्याशिवाय या भागात एक किलो धान्य तोललं जात नाही, तो माणूस बघ्या? मी लेकीला फोन केला. लक्षात घ्या, मी स्वतः केला, सुट्टीचा दिवस नसताना, आणि फोन माझ्या हातात थंडगार होता. मी सगळी हकिकत सांगितली. रांगेपर्यंत आलो आणि ती हसायला लागली. साधंसुधं नाही, लहानपणी उचकी लागेपर्यंत हसायची तसं. म्हणाली, "बाबा, जगात कुणी तो पर्याय निवडला नसेल. मला तर 'निखारा' आलं होतं." मी फोन ठेवला. ते हसणं घरातून कधी गेलं हेच मला कळलं नव्हतं. परत ऐकलं तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या माझ्या मूर्खपणातला काही भाग मुद्दाम केलेला होता, हे सांगून टाकतो. काही भागच. उरलेला माझा स्वतःचा.

टिटवीच्या जोडीला छपरावरची आणखी मंडळी होती. त्यांतला लोखंड्या म्हणजे अंगाने भिंत आणि डोक्याने पण साधारण तेच. त्याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हा पेच दुसऱ्या प्रकरणात पडला. मी तो विचारासाठी राखून ठेवला होता, कारण लेक म्हणाली होती की इथे घाई करू नका. नेमका त्याच दिवशी माझा दात दुखायला लागला. समोरच्या घरात दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांचा दवाखानाही तिथेच पुढच्या खोलीत आहे. मी खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, त्या हातात ते घरघरणारं यंत्र घेऊन वाकलेल्या, आणि माझ्या शर्टाच्या खिशातून टिटवी किंचाळली. गोष्ट खोळंबली की ॲप तशी आठवण करून देतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंचा हात हलला. दुखत नव्हता त्या दातालाही थोडं काहीतरी झालं.

बाईंनी फोन बाहेर काढला, वाचला, आणि यंत्र बाजूला ठेवून खुर्ची ओढून बसल्या. लोखंड्या कोण, त्याची नजर कशी आहे, घरी कोण कोण असतं, असं मला विचारू लागल्या. कापसातून मला 'आँ' एवढंच म्हणता येत होतं. माझा 'आँ' नकाराचा होता. त्यांनी तो होकाराचा धरला आणि 'भरवसा ठेव' वर बोट दाबलं. लोखंड्याने पुढच्याच पानावर टिटवीला अंधारशेठच्या गोदामात पोहोचवलं. पैशासाठी नव्हे, पत्ता चुकून. बाई म्हणाल्या की मुलगा मनाने चांगला आहे, नीट समजावून सांगणारं कुणी हवं.

बाईंना कळलं म्हणजे जिन्याला कळलं, आणि जिन्याला कळलं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांना कळलं. ते निवृत्त आहेत, पण अजून चालताना हात मागे बांधतात, जणू दोन्ही बाजूंना वर्ग भरले आहेत. ते खाली आले आणि म्हणाले की टिटवीसुद्धा समुद्र आटवते हे खरं, पण शिस्त असेल तर. त्यांचं मत असं होतं की टिटवीला गोदामातून सोडवण्याआधी तिच्याकडून झालेल्या चुका तिच्या नजरेस आणून द्याव्यात. तसा पर्याय नव्हता. हेडमास्तरांनी ॲपच्या दर्जाबद्दल खेद व्यक्त केला आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पुन्हा आले.

हळूहळू माझं घर म्हणजे टिटवीचं कार्यालय झालं. कुणी म्हणे पुलावर जा, कुणी म्हणे आधी वीजघर सांभाळा. बाई लोखंड्याची बाजू सोडायला तयार नव्हत्या. हेडमास्तरांना लोखंड्या डोळ्यांसमोर नको होता. ही चहा ठेवून म्हणायची, "पोरीला आधी काहीतरी खाऊ तरी घाला, किती प्रकरणं झाली उपाशी आहे ती." याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलेलं नव्हतं, आणि लेखकाचंही.

ऑफिसातही माझी लाज गेली. एका किराणा दुकानात काटा तपासत होतो, साहेब शेजारी उभे. खिशात टिटवी किंचाळली. दुकानदाराला वाटलं, खात्याने काटा पकडण्याचं काहीतरी नवीन यंत्र आणलंय. त्याने न विचारता आतल्या खोलीतला दुसरा, कमी तोलणारा खोटा काटा आणून पुढ्यात ठेवला. साहेबांनी माझं कौतुक केलं आणि नंतर गाडीत बसल्यावर विचारलं की तो आवाज कसला. मी खरं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "लेकीशी बोलायला मिळतं का त्यामुळे?" मी हो म्हटलं.

आणि ते खरंच होतं. तेवढे दिवस लेक मला फोन करायची, मला थेट. बाईंचं काय म्हणणं, हेडमास्तर आज काय बोलले, हे तिला हवं असायचं. मी नकला करून सांगायचो. मला नकला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. तिचं मात्र काही कळत नव्हतं. "तुझं काय?" म्हटलं की "माझं चाललंय, तुम्ही टिटवीचं सांगा." मग मी टिटवीचं सांगायचो.

एका बाबतीत मी सगळ्यांना फसवत होतो. गोष्ट शेवटाकडे चालली होती, आणि मला ती तिथे पोहोचू द्यायची नव्हती. शेवट झाला की आम्ही बोलणार कशावर? म्हणून मी टिटवीला उगीच बाजारात पाठवायचो, बंद गल्ल्यांत शिरवायचो, भेटेल त्याची विचारपूस करायला लावायचो. तरी शेवटी शेवटचं प्रकरण आलंच. अंधारशेठ हरला, दिवे लागले. टिटवी पुलाच्या मध्यावर उभी. मागे तिचं शहर, पुढे दुसरं, जिथून मदतीची हाक आली आहे. पर्याय दोन: परत जा, पुढे जा.

एवढा मोठा निर्णय एकट्याने घेऊ नये, असं मी म्हणालो. हेडमास्तरांना ते पटलं आणि त्यांनी तो विषय सोसायटीच्या सभेपुढे ठेवला. पाण्याच्या टाकीच्या गळतीचा विषय त्यासाठी मागे ढकलला गेला. सभेला पुरेशी माणसं जमली नाहीत. नियमाप्रमाणे सभा तहकूब झाली. पुढच्या सभेला माणसं जमली, पण मागच्या सभेचा वृत्तान्त मंजूर करण्यावरून वाद झाला आणि ती पण तहकूब झाली. माझ्याइतका आनंद सभेच्या तहकुबीचा आजवर कुणाला झाला नसेल. तिसऱ्या सभेला सगळे आले. घराघरातून खुर्च्या आल्या होत्या. मी सर्वांसमोर फोन उघडला, आणि पडद्यावर टिटवी नव्हती. 'ही गोष्ट आता उपलब्ध नाही. आपल्या सहभागाबद्दल आभार.'

कंपनीने गोष्ट बंद केली होती. का, ते कळलं नाही. मी खात्याच्या भाषेत सविस्तर तक्रार केली. उत्तर आलं, 'छोट्या मित्रा, तुझ्यासाठी इतर अनेक मजेदार गोष्टी वाट पाहत आहेत.' हेडमास्तर दोन दिवस खाली उतरले नाहीत. बाई म्हणाल्या, लोखंड्या आता कुठे जाईल?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी फोन हिच्याकडे गेला, हिंडला, आणि गरम होऊन माझ्याकडे आला.

"काय म्हणतेस?"

"काही नाही. तुम्ही?"

"ठीक." मी जेवणाचं विचारणार होतो. पण त्याच्या पुढचं सगळं मला पाठ होतं. म्हणून विचारलं, "तू शेवटी काय निवडलं होतंस गं?"

"पुढे जा."

"मग?"

"मग काही नाही. ती पूल ओलांडून गेली. 'समाप्त' आलं."

"असं कसं समाप्त? तिकडे गेल्यावर तिचं काय झालं?"

"ते दिलं नव्हतं, बाबा."

"राहायला लागली असेल ना कुठेतरी?"

"घेतली असेल एक खोली."

"खिडकी आहे का खोलीला?"

"आहे. पण उघडली की समोर भिंतच आहे."

"काचा वगैरे फोडत नाही ना तिथे?"

"तिथे ती किंचाळत नाही. तिथे ती फारसं कुणाशी बोलतच नाही."

"खाते का वेळेवर?"

"खाते. ओट्यापाशी उभ्याउभ्या." तिचा आवाज अगदी सपाट होता, वाचून दाखवल्यासारखा. "कामावरची माणसं चांगली आहेत. त्रास काही नाही. पण सुट्टीच्या दिवशी दुपार संपतच नाही तिची. मग ती झोपते, आणि उठते तेव्हा अंधार पडलेला असतो."

मी भिंतीकडे बघत होतो. बोलताना हात कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं. मी विचारलं, "तिला आईवडील नाहीत?"

"वडील आहेत की. पहिल्या प्रकरणातच भेटतात. तुम्ही पोलीस ठाण्यात बसला होतात म्हणून तुमची गाठ पडली नाही." ती जराशी हसली. "चष्म्याचं दुकान त्यांचंच आहे. काचा फुटतात, ते गुपचूप नव्या बसवतात. ती रात्रीची जाते हे त्यांना माहीत असतं, पण विचारत काही नाहीत."

"का?"

"ते पण दिलं नव्हतं."

"विचारायचं असेल त्यांना," मी म्हणालो. "कसं विचारायचं ते कळत नसेल."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मी तसाच बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "आता त्यांच्यापुढे पर्याय दोन. एक, तिने सुट्टी काढून घरी यावं."

"नाही मिळत तिला सुट्टी. तिने दोनदा मागून पाहिली."

"मग दुसरा. त्यांनी तिकडे जावं."

"खोली लहान आहे, बाबा."

"त्यांना जमिनीवर झोप चांगली लागते."

"दिवसभर ती कामावर असते. ते एकटे काय करतील?"

"खिडकीसमोर बसतील. भिंत बघतील. दुकान सोडून कधी कुठे गेलेच नाहीत ते, त्यांना भिंतही नवीन."

मग तिने विचारलं, "कधी येतील?"

मी मागे वळलो तर ही दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. कपाटावरची बॅग तिने खाली काढली होती आणि ओल्या फडक्याने पुसत होती. मी म्हटलं, आपण दोघंही जाऊ. ती म्हणाली, "तुम्ही एकटे जा. मी आले तर तुम्ही दोघं माझ्याशीच बोलत बसाल."

मग बॅग निघाल्याचं जिन्याला कळायचं ते कळलं. बाईंनी प्रवासात दात दुखल्यास घ्यायच्या गोळ्या दिल्या. हेडमास्तरांनी परक्या शहरात वावरण्याचे नियम सांगितले, त्यांतले निम्मे एकमेकांच्या विरुद्ध होते. साहेबांनी रजा मंजूर केली आणि कारण कशाला विचारायचं म्हणाले. ही बॅग भरत राहिली आणि मला आत डोकावू दिलं नाही. ती इतकी जड झाली की माझ्या हातांना सवय असलेल्या कुठल्याही वजनाशी तिचा ताळा बसेना.

गाडी पोहोचली तेव्हा उजाडलं होतं. बाहेर येणाऱ्यांसाठी दोन दारं होती आणि लेक चुकीच्या दाराकडे तोंड करून उभी होती. बारीक झाली होती. केस कापले होते, हे फोनवर कुणी बोललं नव्हतं. अंगात ऑफिसचे कपडे होते, म्हणजे मला घरी सोडून ती तशीच कामाला पळणार होती. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पिकल्या केसांच्या माणसाकडे ती टाचा उंचावून बघत होती आणि तो मी नाही असं दिसलं की पुन्हा टाचा खाली टेकवत होती.

हाक मारायला हवी होती. पण इतक्या महिन्यांत ती मला नुसती ऐकू येत होती, आता दिसत होती. मी बॅग खाली ठेवली आणि तिचं माझ्याकडे लक्ष जाईपर्यंत तिच्याकडे बघत उभा राहिलो.